शाल द्या, श्रीफळ द्या. पण पत्राचं उत्तरही द्या

वर्गात ‘शिसं’ हा शब्द काढला की मुलं शिसपेन्सिली वर करून दाखवतात. विज्ञान शिकवायला लागल्यापासून दर वर्षी हे होतं. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनच, असं सांगितलं की थोडी कुजबुज होते आणि पुढचा प्रश्न येतो, मग खरं शिसं असतं कुठे? मी बॅटरीचं नाव घेते, जुन्या रंगांचं घेते, देवाला लावतात त्या पारंपरिक शेंदराचं घेते. तीन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या घरात आहे. बाबांच्या पागाला.”

ती खार दांड्याची, मुंबईतल्या कोळीवाड्यातली. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यामुळे जाळं पाण्यावर पसरलं की झपकन तळाशी बसतं आणि मासा आत अडकतो. तिच्या वडिलांना पाग टाकताना मी नंतर पाहिलं. ओहोटीची वेळ, गुडघाभर पाणी. अर्धं जाळं डाव्या कोपरावर, उरलेलं उजव्या मुठीत, आणि कडेचा एक भाग दातांत धरलेला. कमरेतून वळून त्यांनी फेक केली, दातांतली कड सुटली आणि जाळं हवेत उघडलं. बघत राहावं असं कसब आहे ते. पण प्रत्येक फेकीला शिशाची ती कड तोंडात जात होती, आणि एका ओहोटीत अशा कितीतरी फेकी होतात.

परवा वाचलं, की मासेमारीच्या शिशाच्या वजनांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या, कोवळ्या वयातल्या एका परदेशी कार्यकर्त्याचा गौरव झाला. वाचून मला मनापासून आनंद झाला. इतक्या लहान, इतक्या नेमक्या गोष्टीला हात घालावा आणि ती सोडू नये, याचं मोल मोठं आहे. ‘पर्यावरण वाचवा’ म्हणणारी पोस्टरं आपण मुलांकडून ढिगाने करून घेतो. त्यातलं कोणतंही पोस्टर कुणाला अडचणीत टाकत नाही. ‘ही शिशाची गोळी दुकानात विकू नका’ असं म्हणणारं मूल मात्र दुकानदाराला, कारखानदाराला आणि सरकारला एकाच वेळी प्रश्न विचारतं. अशा मुलाचा सत्कार व्हायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की सत्कार करणाऱ्याने हार घालताना त्या मुलाच्या मागणीला लेखी उत्तर द्यायची जबाबदारीही घ्यावी. तसं झालं नाही तर हार सुकतो आणि गोळी दुकानातच राहते. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याकडे येतेच.

आधी हा प्रश्न जगात कुठवर आला आहे ते सांगते. १९८०च्या सुमारास इंग्लंडच्या नद्यांवर, विशेषतः थेम्सवर, हंस मोठ्या संख्येने मरू लागले. हंस पोटात अन्न दळण्यासाठी तळाची वाळू आणि खडे गिळतो. गळ टाकणाऱ्यांच्या दोऱ्यांवरून निसटलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या त्या खड्यांबरोबर पोटात जात, तिथे झिजत, आणि विष रक्तात उतरे. अशा हंसाची मान ताठ राहत नाही, पाठीवर कलंडते. पुढे त्याला खाणंही जमत नाही आणि तो उपाशी मरतो. गळवाल्यांनी आपणहून शिसं सोडावं असं आवाहन आधी करून पाहिलं गेलं. ते पुरेना, म्हणून १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर आणि आयातीवर कायद्याने बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी २००० सालापासून लहान वजनांवर बंदी आणली. डेन्मार्कने २००२ मध्ये शिशाच्या मासेमारी साहित्याची आयात आणि विक्रीच थांबवली. या कायद्यांतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट ही, की ब्रिटनने आणि डेन्मार्कने पहिला हात विक्रेत्यावर आणि आयातदारावर टाकला. नदीकाठी बसलेल्या माणसाच्या पिशवीत हात घातला नाही.

आपल्याकडेही पक्ष्यांचा मुद्दा आहेच. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. स्पेन आणि मेक्सिकोच्या पाणथळींत रोहित पक्षी शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रे गिळून मेल्याच्या नोंदी आहेत. चिखल गाळून खाणाऱ्या पक्ष्याला खडा कोणता आणि शिसं कोणतं हे कळत नाही. तरी मुंबईत या मोहिमेची सुरुवात पक्ष्यापासून करू नये असं मला वाटतं. समुद्राच्या तळाशी पडलेला शिशाचा मणी सावकाश झिजतो. तोच मणी घरात घडवताना जे होतं, ते त्याहून कितीतरी झटपट होतं.

त्या मुलीच्या घराच्या मागच्या पडवीत मी ते पाहिलं. स्टोव्हवर जुनी लोखंडी कढई. तिच्यात भंगारवाल्याकडून किलोवर आणलेलं शिसं, गाडीच्या चाकांना लावतात ते तुकडे आणि फाटक्या जाळ्यांतून काढलेले जुने मणी. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, घरच्या स्टोव्हवर सहज. वर राखाडी साय धरली. तिच्या वडिलांनी ती पळीने काढून कडेला झटकली, तशी खाली आरशासारखी चकाकी दिसली. मग पळीपळीने साच्यात ओतणं सुरू झालं. मी पुढे वाकले तर म्हणाले, “बाई, लांब राहा, पाण्याचा थेंब पडला तर उडतं.” भाजण्याची भीती त्यांना ठाऊक होती. न भाजता होणाऱ्या इजेबद्दल त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मुलीचा धाकटा भाऊ, चारेक वर्षांचा, ओट्यावर सांडलेले गार थेंब वेचून डबीत भरत होता. त्याच हाताने बिस्किट खात होता.

शिसं शरीरात गेलं की ते कॅल्शियमचं सोंग घेतं. जिथे कॅल्शियम जातं तिथे तेही जातं, मेंदूत जातं, हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. बाई गरोदर राहिली की तिच्या हाडांतलं शिसं पुन्हा रक्तात येऊन बाळापर्यंत पोचू शकतं. रक्त तयार होण्याच्या क्रियेत ते अडथळा आणतं. तोंडावाटे गेलेल्या शिशातला जेवढा भाग मोठ्या माणसाच्या अंगात भिनतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात भिनतो, आणि मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहून जास्त. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनारपट्टीवरच्या मच्छीमार वस्त्यांत शाळकरी मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुसंख्य मुलं या रेषेच्या वर निघाली. तिथेही घरोघर शिसं वितळवून वजनं ओतायची पद्धत होती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो चार वर्षांचा पोरगा आला. वर्गात लक्ष न लागणाऱ्या, चिडचिड करणाऱ्या, अक्षरं ओळखताना मागे पडणाऱ्या मुलांना आपण किती सहज ‘ढ’ म्हणून मोकळे होतो, हेही आठवलं. प्रत्येकाच्या मागे शिसं असतं असं मी म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय आपण कोणत्या आधारावर मुलाला दोष देतो?

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुंबईचं सांडपाणी समुद्रात जातं, प्लास्टिकने खाड्या भरल्या आहेत आणि तुम्ही मण्यांबद्दल बोलता? कोळीवाड्यातून हा आक्षेप आला तर मी मान खाली घालून ऐकते, कारण तो खरा आहे. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना क्लीव्हलँड बंदरातून होड्या सुखरूप नेता याव्यात म्हणून कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. समुद्राचं जे काही बिघडतं त्याचा भार आधी त्यांच्यावर पडतो. वर आणखी एक बंदी त्यांच्या माथी मारायला मी सांगत नाही. पण हाच आक्षेप टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरून आला, तर मला तो मान्य नाही. मोठा प्रश्न सुटेपर्यंत लहान प्रश्न थांबवायचा म्हटलं, तर पेट्रोलमधलं शिसंही गेलं नसतं. ते आपण १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून काढलं. हवेचं प्रदूषण त्याने संपलं नाही, तरी श्वासातून येणारं एक विष कमी झालं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असू नये, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. रंगाऱ्याला कुणी दंड केला नाही, रंग बनवणाऱ्याला बांधलं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हे करता आलं. जाळ्याच्या मण्याबाबतही करता येईल.

मग मण्याऐवजी काय? इथे आठवीतलं विज्ञान उपयोगी पडतं. आर्किमिडीजचं तत्त्व शिकवताना आम्ही एक प्रयोग केला. शिसं, लोखंडी नट आणि मुंबईचा काळा दगड, तिन्ही साधारण १०० ग्रॅमचे. शिशाला टेप गुंडाळली आणि ते मीच हाताळलं. ताणकाट्याला लावून एकेक पाण्यात बुडवलं. शिसं पाण्यात साधारण ९१ ग्रॅम भरलं, लोखंड ८७ आणि दगड ६५. मुलांनी फळ्यावर गणित मांडलं: १०० ग्रॅम शिशाइतका ओढा पाण्यात हवा असेल, तर लोखंड १०५ ग्रॅम लागेल. पाच ग्रॅमचा फरक! वर्ग काही वेळ गप्प झाला. सगळ्यांना वाटलं होतं, की शिशाला पर्यायच नसेल.

ते गणित घेऊन आम्ही एका नाखव्याकडे, म्हणजे होडीच्या मालकाकडे गेलो. त्यांनी फळ्यावरचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, वजन बरोबर आहे. पण लोखंड गंजतं. गंजलेली कड धाग्याला घासली की जाळं कातरलं जातं. शिसं मऊ, पक्कडीने दाबलं की बसलं. आणि तुमचा मणी दीडपट मोठा होणार, तो जाळ्यात गुंतणार.” तेही बरोबर होतं. दीडपट हा त्यांचा अंदाज आम्ही नंतर घनतेवरून काढला, तंतोतंत जुळला. पुस्तक न वाचता हाताला कळलेलं ते विज्ञान होतं, आणि मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणून पर्याय वर्गात ठरवून चालणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं किंवा लेप दिलेलं लोखंड कुठल्या जाळ्याला चालतं, स्टेनलेस स्टील किती महाग पडतं, एका जागी लावून ठेवलेल्या जाळ्याला सिमेंटचं किंवा भाजलेल्या मातीचं वजन पुरतं का, हे नाखव्यांच्या हातात देऊन एक हंगाम पाहायला हवं. टंगस्टन शिशाहूनही जड आहे, पण त्याची किंमत पागवाल्याला झेपणारी नाही, त्यामुळे ते बाजूलाच ठेवावं. भाजलेल्या मातीची जाळ्याची वजनं तर हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात निघाली आहेत. धारावीच्या कुंभारवाड्यात आजही भट्ट्या पेटतात. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. कोळीवाडा, कुंभारवाडा आणि ती संस्था एकाच शहरात, लोकलच्या एका पासात येतात. त्यांना एका टेबलाशी बसवायला कुणीतरी लागेल इतकंच.

आता तो सत्कार. माझ्या चार मुलींनी या सगळ्याचा प्रकल्प केला आणि विज्ञान प्रदर्शनात मांडला. त्यांना ढाल मिळाली. व्यासपीठावर पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, फोटो झाले. खार दांड्याच्या त्या घरात तो फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला आहे, आणि तिथे तो शोभतो. मुलीचे वडील त्या दिवशी होडी न काढता, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मुलीच्या शिकण्याला कुणीतरी मोठ्या माणसाने मान दिला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सत्काराला मी कमी लेखत नाही, ते यामुळेच.

प्रदर्शनाच्या आदल्या महिन्यात याच मुलींनी एका सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. दोन पानी, सुवाच्य. मागण्या तीन होत्या: आमच्या भागातल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासा, शिशाला पर्याय देणारी वजनं आम्हाला वापरून बघायला द्या, आणि जुनं शिसं कुठे जमा करायचं ते सांगा. पत्र आवक झालं, क्रमांक पडला, पोचपावती मिळाली. ढाल मिळाली तेव्हा मुलींना वाटलं, आता उत्तर येईल. दोन वर्षं झाली. दोनदा स्मरणपत्र दिलं. उत्तर आलेलं नाही. मुली मला विचारायच्या, “बाई, आलं का?” पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्या विचारायच्या थांबल्या, याचं दुःख मला पत्र न आल्याहून जास्त आहे.

मुंबईला समुद्रासाठी झटणाऱ्यांचा गौरव नवीन नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी कचरा उचलायला सुरुवात केली, पुढे शेकडो हात लागले, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यानंतर वर्षभरातच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, गोळा केलेला कचरा उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, या कारणाने काम थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ते पुन्हा सुरू झालं. जगाने गौरवलेल्या, कायदा जाणणाऱ्या मोठ्या माणसाला कचऱ्याची गाडी वेळेवर मिळवायला हे करावं लागलं. चौदा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं?

म्हणून माझी मागणी सत्कार करणाऱ्यांपाशी आहे. मुलाला पुरस्कार देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिने त्याची मागणी ज्या विभागाशी संबंधित आहे त्याच्याकडे स्वतःच्या नावाने पाठवावी, ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मागावं, आणि ते उत्तर पुढच्या वर्षीच्या समारंभात सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. कारण दिलेलं ‘नाही’ मुलांना समजतं, त्यावर ती पुढचा प्रश्न विचारू शकतात. मुलांच्या खांद्यावर मोठ्यांचा लढा ठेवता, असं म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर हेच आहे. खांद्यावरचा भार उतरवायचा तर व्यासपीठावरच्या मोठ्यांनी तो स्वतःकडे घ्यायला हवा.

शिशापुरतं बोलायचं, तर वेळ निवडणं सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै, हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, ओट्या-ओट्यावर जाळी दुरुस्त होत असतात, आणि मणी काढून पुन्हा बसवण्याचं काम याच दिवसांत निघतं. कोळीवाड्यात शिसं वजनावर घ्यावं आणि बदल्यात पर्यायी वजनं किंवा जाळ्याच्या दुकानात चालेल असं कुपन द्यावं. न्यू हॅम्पशायरमध्ये शिसं आणून देणाऱ्या गळवाल्यांना दुकानातलं कुपन देतातच. खर्च मत्स्यव्यवसाय विभागाने उचलावा, नाखव्याने नव्हे. त्याच मांडवात लहान मुलांच्या रक्ताची तपासणी व्हावी. आणि पर्याय हातात पडून एक हंगाम गेला, की मग शिशाच्या मण्यांच्या विक्रीवर बंदी यावी. हा क्रम उलटा केला तर कोळीवाडा ऐकणार नाही, आणि त्याने ऐकू नयेच.

त्या घरापुरता एक बदल झाला आहे. कढई आता पडवीत नसते. बंदराच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला, मुलं नसताना शिसं वितळवतात. परत आल्यावर वडील घराबाहेरच हातपाय धुतात, सदरा वेगळा धुतात. पाग मात्र अजून तोच आहे, आणि त्याची कड अजून दातांत जाते. धाकट्याची ती डबी त्याच्या बहिणीने मला आणून दिली. माझ्या कपाटात, झाकण टेपने बंद करून ठेवली आहे. वर तिच्या अक्षरात ‘शिसं, हात लावू नये’ असं लिहिलं आहे. कुठे जमा करायची ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

ती मुलगी आता अकरावीत आहे. येत्या जूनमध्ये आम्ही तिसरं स्मरणपत्र घेऊन जाणार आहोत, जुन्या आवक क्रमांकासह. या वेळी तिचे वडीलही येतो म्हणाले आहेत. तेव्हा होडी बंदच असते.